कोठारातील स्वगत : बेसिलची दुष्काळातील प्रवचने

इ. स. ३६८-६९च्या सुमारास रोमन साम्राज्यातील कप्पदुकिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागी, मोठा दुष्काळ पडला. हिवाळा कोरडा गेला, वसंतात पाऊस आला नाही, पेरलेले शेतातच करपले. प्रांताची राजधानी कैसरिया हे समुद्रापासून दूर वसलेले शहर होते. त्या काळी जहाजातून धान्य आणणे शक्य असे. डोंगराळ मुलखातून गाड्यांवर लादून आणणे मात्र कोणालाही परवडत नसे. त्यामुळे किनाऱ्यावरची शहरे ज्या संकटातून सावरत, त्यात आतली शहरे बुडून जात. कैसरियात धान्य मुळीच नव्हते असे नाही. ते मोजक्या धनिकांच्या कोठारांत होते आणि भाव आणखी चढण्याची वाट पाहत होते.

ही कोठारे उघडण्याचे काम ज्याने अंगावर घेतले, तो बेसिल (सु. ३३०-३७९) त्या वेळी शहराचा बिशप झालेला नव्हता, साधा धर्मगुरू होता. तो स्वतः जमीनदार घराण्यातला. कॉन्स्टँटिनोपल आणि अथेन्स येथे त्याने वक्तृत्वशास्त्राचे उत्तम शिक्षण घेतले होते. ख्रिस्ती तरुणांनी प्राचीन ग्रीक वाङ्मय कसे वाचावे, यावरील त्याचा निबंध साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असतो. त्याची दुष्काळातील प्रवचने तुलनेने कमी वाचली जातात. वस्तुतः भाषेचे बारकावे जाणणारा माणूस स्वार्थाचे विश्लेषण कसे करतो, याचा तो एक असाधारण नमुना आहे.

लूकच्या शुभवर्तमानात मूर्ख श्रीमंताचा दाखला आहे. पीक उदंड येते, कोठारे अपुरी पडतात, तेव्हा जुनी पाडून मोठी बांधण्याचा बेत तो श्रीमंत मनाशी करतो; आणि त्याच रात्री मरण येते. उपदेशक सहसा शेवटच्या मरणावर भर देतात. बेसिलचे लक्ष मात्र त्या माणसाच्या स्वगताकडे जाते. ‘मी काय करू?’ या प्रश्नापाशी तो थांबतो आणि दाखवून देतो, की हाच प्रश्न उपाशी माणूसही विचारत असतो. एकाला अभावाने ग्रासले आहे, दुसऱ्याला विपुलतेने. तळमळ दोघांचीही सारखीच. श्रीमंताला उत्तर सापडत नाही, कारण तो फक्त स्वतःशीच बोलतो आहे. त्याच्या बोलण्यात ‘माझे पीक’, ‘माझी कोठारे’ यांखेरीज कोणी नाही. आपल्या ‘ममत्व’ या शब्दातच ‘मम’ दडलेला आहे. बेसिलच्या दृष्टीने स्वार्थ म्हणजे केवळ हाव नव्हे; दुसऱ्याला शिरकाव नसलेले ते स्वगत आहे.

म्हणून त्याची प्रवचने हे स्वगत मोडून काढतात. तो श्रोत्याला उलट प्रश्न विचारतो : जे तुझे म्हणतोस, ते तू कोठून आणलेस? नाट्यगृहात आधी येऊन बसलेल्याने इतरांना दार बंद करावे, तसे हे वागणे आहे, असे तो म्हणतो. विहिरीचे पाणी उपसले तर निर्मळ राहते, न उपसता साचले तर नासते, हा दृष्टान्तही त्याचाच. आणि मग तो एका बापाला समोर उभा करतो. घरात खायला काही उरलेले नाही. उरलेली मुले विकायची, तर पहिल्यांदा कोणाला? थोरल्याला की धाकट्याला? अखेर रडत रडत तो एकाला बाजारात आणतो, आणि धान्यवान ग्राहक किमतीसाठी घासाघीस करू लागतो. श्रोत्यांतल्या धनिकाला यात आपला चेहरा दिसावा, अशीच ही रचना आहे.

या प्रवचनांचे नावीन्य समजण्यासाठी तत्कालीन दानाची रीत ध्यानात घ्यावी लागते. ग्रीक-रोमन नगरांत धनिक देत नसत असे नाही. ते स्नानगृहे बांधत, खेळ भरवत, धान्यही वाटत. पण ते नगराला, नागरिकांना, आणि बदल्यात शिलालेख व पुतळे मिळवत. निराधार, परका, कुष्ठरोगी यांना त्या व्यवहारात जागा नव्हती. ख्रिस्ती लोक आपल्याच नव्हे, तर इतरांच्याही गरिबांना पोसतात, ही बाब सम्राट जूलियनला इ. स. ३६२च्या सुमारास इतकी खुपली, की त्याने गलतियातील आपल्या मुख्य पुरोहिताला पत्र लिहून तसेच दान सुरू करण्यास सांगितले. विरोधकाने दिलेली ही साक्ष म्हणूनच मोलाची.

बेसिल बोलून थांबला नाही. वाट्याला आलेली मालमत्ता त्याने गरिबांसाठी खर्च केली. त्याचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, सांगतो, की शब्दांच्या बळावर त्याने धनिकांची कोठारे उघडवली, कडधान्याच्या रश्श्याची पातेली चढवली आणि शिष्यांचे पाय धुणाऱ्या ख्रिस्ताचे अनुकरण करत भुकेल्यांची सेवा केली. मिसर देशात योसेफाने दुष्काळात धान्य विकले. बेसिलने ते विनामूल्य दिले, अशी तुलनाही ग्रेगरी करतो. याच दुष्काळात बेसिलची बहीण मॅक्रिना हिने रस्त्यावर टाकलेल्या मुली उचलून आणून वाढवल्या. इ. स. ३७०मध्ये बिशप झाल्यावर बेसिलने शहराबाहेर रुग्ण, प्रवासी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी इमारतींचा एक समूह उभारला. पुढे तो त्याच्याच नावाने, ‘बासिलियास’ म्हणून ओळखला गेला. म्हणजे क्षणिक कणवेचे रूपांतर त्याने नित्याच्या व्यवस्थेत केले.

तरीही या औदार्याची सीमा नजरेआड करता येत नाही. मूल विकणाऱ्या बापाच्या प्रसंगात बेसिलचा संताप घासाघीस करणाऱ्यावर आहे. माणसांच्या खरेदी-विक्रीवर तो तसा उठत नाही. पवित्र आत्म्यावरील आपल्या ग्रंथात तर त्याने गुलामगिरीचे एक प्रकारे समर्थनच केले आहे. बापाला त्याने बोलके केले, पण विकल्या जाणाऱ्या मुलाला शब्द दिला नाही.

पुढचे पाऊल त्याच्याच धाकट्या भावाने टाकले. निस्साच्या ग्रेगरीने उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना ‘मी गुलाम घेतले’ या अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवले आणि विचारले, की ईश्वराची प्रतिमा असलेल्या माणसाची किंमत कोण ठरवणार? पद्धत थोरल्या भावाचीच : धनिकाचे स्वगत ऐकायचे आणि त्यातल्या ‘माझे’वर थांबायचे. फरक एवढाच, की एकाने तो शब्द धान्यापुढून पुसला, दुसऱ्याने माणसापुढून. स्वार्थावरचा विजय एका पिढीत, एका माणसात पुरा होत नाही. बेसिलने कोठार उघडले. पण ‘माझे’ हा शब्द आणखी कोठे कोठे दडून बसला आहे, हे शोधण्याचे काम त्याच्या वाचकांसाठी उरलेच होते.