तंत्रिका कोशिकांतील सदोष प्रथिनांचा निचरा

चुकीच्या घड्या पडलेली, तुटलेली वा जीर्ण झालेली प्रथिने ओळखून त्यांचे विघटन करण्याची कोशिकेतील (पेशीतील) प्रक्रिया. ती सर्वच कोशिकांत चालते. तथापि तंत्रिका (मज्जा) कोशिकांत तिला विशेष महत्त्व आहे. प्रौढ तंत्रिका कोशिकांचे विभाजन होत नसल्याने साचलेली प्रथिने नव्या कोशिकांत वाटली जाऊन विरल होत नाहीत. शिवाय काही अक्षतंतूंची (कोशिकेपासून निघणाऱ्या लांब तंतूंची) लांबी सु. १ मी. असते व त्यांच्या टोकाशी निर्माण झालेली त्याज्य द्रव्ये कोशिकेच्या मुख्य भागापर्यंत वाहून न्यावी लागतात. ॲल्झायमर रोग, कंपवात व हंटिंग्टन रोग या ऱ्हासकारी विकारांत प्रथिनांचे पुंज साचलेले दिसतात. हे पुंज आणि कोशिकेतील निचरा यांचा संबंध उलगडण्यास जवळजवळ १०० वर्षे लागली.

पुंजांचा शोध : जर्मन मानसोपचारतज्ज्ञ आलोइस ॲल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूची निरीक्षणे मांडली. चांदीच्या लवणांनी रंजित केलेल्या छेदांत त्यांना कोशिकांबाहेर साचलेल्या द्रव्याच्या चकत्या व कोशिकांच्या आत तंतूंचे गुंते आढळले. १९१२ साली फ्रिट्स लेव्ही यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील गोलसर पिंडांचे वर्णन केले. त्यांना पुढे ‘लेव्ही पिंड’ हे नाव मिळाले. मात्र हे पुंज कशाचे बनले आहेत व कोशिकेने ते का हटविले नाहीत, हे ठरविण्याची साधने त्या काळी नव्हती.

निचऱ्याच्या यंत्रणा : यांचा शोध मेंदूबाहेरच्या संशोधनातून लागला. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तीआँ द द्यूव्ह यांना उंदरांच्या यकृतावर काम करताना पाचक एंझाइमे असलेल्या पिशव्या आढळल्या (१९५५). यांना लयकारिका म्हणतात. कोशिका आपलाच काही अंश दुहेरी पटलात गुंडाळून लयकारिकेकडे पाठविते, या क्रियेस त्यांनी १९६३ साली ‘स्वभक्षण’ अशा अर्थाचे नाव दिले. जपानमधील योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये या क्रियेस आवश्यक असलेली जनुके शोधली (१९९३). दुसरी यंत्रणा आरोन सिखॅनोव्हर, आव्राम हेर्श्को व अर्विन रोझ यांनी १९८० च्या सुमारास उजेडात आणली. तीत ७६ ॲमिनो अम्लांचे युबिक्विटिन हे लहान प्रथिन सदोष प्रथिनाला खुणेप्रमाणे जोडले जाते व खूण झालेले प्रथिन प्रोटिॲसोम या नळकांड्यासारख्या रचनेत चिरले जाते. मोठे पुंज या अरुंद नळीत शिरू शकत नाहीत. त्यांच्यासाठी स्वभक्षणाचाच मार्ग उरतो. द द्यूव्ह (१९७४) व ओसुमी (२०१६) यांना वैद्यकाचे, तर इतर तिघांना रसायनशास्त्राचे (२००४) नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन्ही संशोधनांचा मेळ : १९८७ साली ॲल्झायमर रोगातील गुंत्यांत व त्यानंतर लवकरच लेव्ही पिंडांत युबिक्विटिन आढळले. म्हणजे ही प्रथिने टाकाऊ असल्याची खूण कोशिकेने केली होती; पण निचरा पुरा झाला नव्हता. १९९८ साली जपानी संशोधकांनी तरुण वयात होणाऱ्या कंपवाताशी निगडित असे पार्किन जनुक शोधले. त्यापासून बनणारे एंझाइम युबिक्विटिन जोडण्याचेच काम करते, हे २००० साली दिसून आले. निर्णायक पुरावा २००६ साली दोन जपानी गटांनी दिला. त्यांनी उंदरांच्या तंत्रिका कोशिकांतील स्वभक्षणाचे एकेक आवश्यक जनुक काढून टाकले. रोगकारक प्रथिन बाहेरून घातलेले नसतानाही त्या कोशिकांत पुंज साचले, कोशिका नष्ट झाल्या व उंदरांच्या हालचाली बिघडल्या.

उपचारांचा प्रश्न : पुंज हेच रोगाचे मूळ असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. हंटिंग्टन रोगातील प्रथिन असलेल्या संवर्धित कोशिकांपैकी ज्यांत पुंज बनले, त्या अधिक काळ जगल्या, असे २००४ साली अमेरिकेत आढळले. विखुरलेले अपायकारक प्रथिन एकत्र बांधून ठेवण्याचा तो कोशिकेचा उपाय असावा, असे त्यावरून सूचित होते. त्याच वर्षी स्वभक्षण वाढविणाऱ्या रॅपामायसिन या औषधाने याच रोगाच्या माश्या व उंदीर यांत लाभ झाल्याचे दिसले. परंतु हे औषध प्रतिकारशक्ती दडपते. तसेच ॲल्झायमर रोगात न पचलेल्या स्वभक्षण पिशव्याच तंत्रिका कोशिकांत साचतात, असे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले आहे (२००५). अडथळा लयकारिकेपाशी असेल, तर नव्या पिशव्यांची निर्मिती वाढविल्याने तुंबाराच वाढेल. म्हणून कोणत्या विकारात निचऱ्याचा कोणता टप्पा अडला आहे, हे निश्चित करणे उपचाराआधी आवश्यक ठरते.