‘मराठा’ नावाची विनाशिका आणि पाणतीरांच्या नळ्या

१/ नीरेकाठच्या शिरवळात १६४८ साली सुभानमंगळासाठी लढाई झाली आणि कावजी मल्हार यांनी तो कोट परत जिंकला. त्याच मराठ्यांचे नाव जवळपास तीनशे वर्षांनी आर्क्टिक समुद्रातील एका ब्रिटिश युद्धनौकेवर कोरलेले होते. त्या नौकेचा अंत समजून घ्यायचा तर आधी पाणतीराची नळी समजून घ्यावी लागेल.

२/ रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६ साली स्वयंचलित पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सिद्ध केला. त्यामुळे एखादी चिमुकली, स्वस्त नौकाही प्रचंड युद्धनौका बुडवू शकणार होती. या नौकांचा नाश करण्यासाठी जी वेगवान नौका जन्मली, ती विनाशिका. ब्रिटनची ‘हॅवॉक’ १८९३ मध्ये पाण्यात उतरली. लवकरच विनाशिकेनेच शत्रूचे शस्त्र उचलले.

३/ १९०३ च्या सुमारास ब्रिटिश ‘रिव्हर’ वर्गाच्या विनाशिकांवर १८ इंची पाणतीरांच्या दोन नळ्या असत. पहिल्या महायुद्धापर्यंत ‘एल’ वर्गावर २१ इंची चार नळ्या, दोन-दोनच्या जोडीने आल्या.

४/ नळी उघड्या डेकवर फिरत्या बैठकीवर बसवलेली असे. ती बाजूला वळवायची, दारूच्या लहान भाराने किंवा दाबलेल्या हवेने पाणतीर बाहेर ढकलायचा. पाण्यात पडल्यावर त्याचे स्वतःचे यंत्र त्याला पुढे नेई, जायरोस्कोप दिशा राखी. लक्ष्य चालते असल्याने नेम त्याच्या पुढच्या जागेवर धरावा लागे.

५/ उघड्या डेकची किंमतही होती. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ‘शार्क’ विनाशिकेवर राखीव पाणतीर नळीत भरला जात असतानाच त्यावर तोफगोळा आदळला आणि स्फोट झाला. कमांडर लॉफ्टस जोन्स यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

६/ आता ‘मराठा’. स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे ‘मार्क्समन’ या नावाने सुरू झालेली ही विनाशिका नाव बदलून १९४२ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यावर चार-चारच्या दोन संचांत आठ नळ्या होत्या.

७/ २५ फेब्रुवारी १९४४. सोव्हिएत संघाकडे निघालेल्या ‘जेडब्ल्यू-५७’ ताफ्याचे ती रक्षण करत होती. जर्मन पाणबुडी ‘यू-९९०’ ने तिच्यावर पंख्यांच्या आवाजाचा माग काढत जाणारे पाणतीर सोडले. नौका काही मिनिटांतच बुडाली. दोनशेहून अधिक खलाशी गेले. गोठवणाऱ्या पाण्यातून विसाहूनही कमी जण वाचले.

८/ तिच्या आठही नळ्या पाण्यावरच्या शत्रूसाठी होत्या. पाण्याखाली दडलेल्या शिकाऱ्यापुढे त्या निरुपयोगी ठरल्या. पाणतीरांपासून ताफा वाचवण्यासाठी जन्मलेली विनाशिका पाणतीरानेच बुडाली. सुभानमंगळाच्या काठावर उभे राहताना, आपलेच नाव धारण करून दूरच्या थंड समुद्रात निजलेल्या त्या नौकेचीही आठवण ठेवावी.