बापू गोखले

नरहर गणेश उर्फ बापू गोखले (मृत्यू : फेब्रुवारी १८१८) हे मराठेशाहीच्या अखेरच्या काळातील सेनानी आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सरसेनापती होते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात आष्टी येथे ते धारातीर्थी पडले.

पूर्वायुष्य

गोखले घराणे मूळचे कोकणातील. बापूंचे चुलते धोंडोपंत हे कर्नाटकात पेशव्यांचे सरदार होते. १८०० साली धोंड्या वाघाशी लढताना धोंडोपंत मारले गेले आणि पथकाची जबाबदारी बापूंवर आली. त्याच वर्षी आर्थर वेलस्लीने धोंड्या वाघाविरुद्ध केलेल्या मोहिमेत बापू सहभागी झाले.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवे इंग्रजांचे अंकित झाले. परिणामी १८०३ च्या युद्धात शिंदे व नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढत असताना बापू मात्र वेलस्लीच्या बाजूने उभे होते. पुढे त्यांनी पंतप्रतिनिधींचे बंड मोडले आणि ताई तेलिणीने नेटाने लढविलेला वासोटा किल्ला जिंकून घेतला.

खडकीची लढाई

जून १८१७ च्या पुणे करारात पेशव्यांना मराठा संघाच्या प्रमुखपदावरील हक्क सोडावा लागला. त्यानंतर बाजीरावांनी युद्धाची तयारी बापूंकडे सोपविली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे सुमारे २,८०० इंग्रजी फौजेवर पेशव्यांचे कितीतरी मोठे सैन्य चालून गेले. तथापि घोडदळ वाटेतील दलदलीत अडकले, जरीपटक्याचे मानकरी मोरोपंत दीक्षित पडले आणि हल्ला फसला. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याच महिन्यात सीताबर्डी येथे नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याचाही पराभव झाला. मराठा सत्ता एकत्र येण्याआधीच वेगवेगळ्या गाठल्या गेल्या.

आष्टीची लढाई व मृत्यू

पुणे सोडल्यानंतर पेशव्यांची सतत पिछेहाट सुरू होती. पाठलागावर असलेल्या फौजेला थोपवून धरण्याचे काम बापूंकडे होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टी (ता. मोहोळ, जि. सोलापूर) येथे जनरल स्मिथच्या घोडदळाने पेशव्यांचा तळ गाठला. बाजीराव निसटून गेले; बापूंनी मात्र मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर चाल केली आणि लढता लढता देह ठेवला. या चकमकीत स्मिथही जखमी झाला. छत्रपती प्रतापसिंह व त्यांचे कुटुंबीय इंग्रजांच्या हाती लागले.

मूल्यमापन

बापूंच्या मृत्यूने पेशव्यांच्या सैन्याचा कणा मोडला. त्यानंतर बाजीराव चांद्याच्या दिशेने विदर्भात आले. परंतु ३ जून १८१८ रोजी माल्कमला शरण गेले व वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला राहिले. ज्या इंग्रजांच्या साहाय्याने बापूंची कारकीर्द घडली, त्यांच्याशीच लढताना ती संपली. खडकीत मोठे सैन्य हाताशी असूनही त्यांना विजय मिळविता आला नाही. मात्र धन्याने रणांगण सोडल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. मराठी इतिहासात त्यांचे नाव मुख्यत्वे याच निष्ठेसाठी घेतले जाते.