कचरा-नियमन, मुंबई शहरातील

घरे, बाजार, कारखाने व रस्ते यांतून निघणारा घन स्वरूपाचा टाकाऊ पदार्थ गोळा करणे, वाहून नेणे व त्याची विल्हेवाट लावणे, तसेच सार्वजनिक जागी घाण करण्यास प्रतिबंध करणे, यांसाठी केलेल्या नगरसंस्थेच्या नियमांस कचरा-नियमन म्हणतात. मुंबई शहरात या नियमनाचा इतिहास दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. या अवधीत कायद्याची भाषा व साधने यांत पुष्कळ बदल झाले. तथापि कचऱ्यावर मालकी कोणाची, तो कोणी उचलावयाचा आणि अखेर कोणाच्या वस्तीजवळ टाकावयाचा, हे तीन प्रश्न प्रत्येक काळातील नियमांच्या मुळाशी आढळतात.

पूर्वपीठिका : मुंबईत साफसफाईसाठी स्वतंत्र मंडळ १८४५ च्या कायद्याने स्थापन झाले. १८५८ मध्ये त्याच्या जागी तीन आयुक्त नेमण्यात आले आणि १८६५ च्या कायद्याने सर्व कार्यकारी अधिकार एकाच आयुक्ताच्या हाती आले. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त (कार. १८६५–७१). त्यांच्या काळात डॉ. टी. जी. ह्यूलेट यांनी आरोग्याधिकारी म्हणून काम पाहिले. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालानंतर सार्वजनिक आरोग्याची चळवळ सुरू झाली होती; तिचा प्रभाव या अधिकाऱ्यांवर होता. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणाऱ्या दूषित हवेमुळे रोग उद्‌भवतात, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे दुर्गंधी दूर करणे म्हणजेच रोग दूर करणे, असे मानले जाई. उपपत्ती चुकीची असली, तरी तीमुळे रस्ते झाडणे व घाण हलविणे ही नगरसंस्थेची नित्याची कामे ठरली. मात्र शहरातून उचललेला केरकचरा बव्हंशी शहराच्या मध्यभागातील सखल जमिनी भरून काढण्यासाठीच वापरला जाई. एका पिढीने टाकलेल्या कचऱ्यावर पुढच्या पिढीची घरे उभी राहिली.

मैला काढण्याचे काम हलालखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सफाई कामगारांकडे होते. चाळींच्या व इमारतींच्या मागील बाजूंस ‘घरगल्ली’ नावाचा अरुंद बोळ त्यांच्या ये-जा करण्यासाठी ठेवलेला असे. पुढे नगरसंस्थेने हे काम आपल्या नियंत्रणाखाली आणून घरमालकांवर हलालखोर पट्टी बसविली.

१८८८ चा अधिनियम : मुंबईच्या कचरा-नियमनाचा कायदेशीर पाया ‘मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८’ हा होय. त्याच्या जडणघडणीत फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा महत्त्वाचा वाटा होता. रस्ते झाडणे, केरकचरा, राख व इतर घाण हलविणे व तिची विल्हेवाट लावणे, ही कामे या अधिनियमाने नगरसंस्थेची बंधनकारक कर्तव्ये ठरविली. कचराकुंड्या व कचरा साठविण्याच्या जागा पुरविण्याची जबाबदारी आयुक्तांवर टाकण्यात आली. आपल्या जागेतील केर गोळा करून नेमून दिलेल्या कुंडीत टाकणे, हे घरमालक व भोगवटादार यांचे कर्तव्य मानले गेले. अशा ठिकाणी जमा झालेला कचरा ही नगरसंस्थेची मालमत्ता होय, अशीही तरतूद होती. या तरतुदींमुळे नागरिकाची जबाबदारी कुंडीपाशी संपे आणि तेथून पुढची नगरसंस्थेची सुरू होई. नागरिकाच्या मनात ही सीमारेषा इतकी दृढ झाली, की पुढील शंभर वर्षांत ती ओलांडणे नियमकर्त्यांना सोपे गेले नाही.

प्लेग व देवनार : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले [⟶ प्लेग]. साथीमुळे शहरातील दाट वस्ती, तुंबलेली गटारे व साठलेला कचरा यांकडे सरकारचे लक्ष वेधले. १८९७ मध्ये साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा झाला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याच सुमारास शहराच्या हद्दीबाहेर, ईशान्येकडील देवनार येथील दलदलीची विस्तीर्ण जमीन कचरा टाकण्यासाठी घेण्यात आली व तेथवर कचरा रेल्वेने नेण्याची व्यवस्था झाली. कचऱ्याच्या वाहतुकीसाठी घातलेला कुर्ला–चेंबूर लोहमार्ग १९२४ मध्ये प्रवाशांसाठी खुला करण्यात आला. शहराच्या दृष्टीने प्रश्न सुटल्यासारखा झाला, कारण कचरा दृष्टीआड गेला होता.

कामगार : कचरा उचलण्याचे काम करणारे बहुसंख्य लोक गुजरात–काठेवाड व दख्खन येथून आलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. कायद्याने नागरिकाला सेवेचा हक्क दिला. सेवा देणाऱ्यावर मात्र निर्बंध घातले. १८९० च्या नगरपालिका-नोकरांविषयीच्या कायद्याने सफाईसारख्या कामावरील नोकराने सूचनेवाचून काम सोडणे हा दंडनीय गुन्हा ठरविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला व या कामगारांच्या मागण्यांना संघटित रूप दिले. स्वातंत्र्योत्तर काळात कायम कामगारांना वेतनश्रेणी, रजा व निवासस्थाने मिळू लागली. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस हेच काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेले. अशा २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करावे, हा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निर्णय दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला.

शहराची वाढ : १९५० व १९५७ मधील हद्दवाढींनंतर एकेकाळी शहराबाहेर असलेली देवनारची क्षेपणभूमी बृहन्मुंबईच्या पोटात आली. १९७० नंतर शहराच्या इतर भागांतून हटविलेल्या झोपडपट्टीवासीयांचे पुनर्वसन शिवाजीनगर, बैंगनवाडी या तिच्या लगतच्या भागांत करण्यात आले. मुलुंड येथे १९६७ पासून कचरा टाकण्यात येऊ लागला. गोराई येथेही क्षेपणभूमी होती. गोराईची क्षेपणभूमी २००७ मध्ये व मुलुंडची २०१८ मध्ये बंद करण्यात आली. कांजूरमार्ग येथे प्रक्रिया-केंद्र उभारण्यात आले. याच काळात कचऱ्याचे स्वरूपही पालटले. पूर्वीच्या कचऱ्यात राख, माती, भाजीपाला व चिंध्या यांचे प्रमाण मोठे असे व तो कालांतराने मातीत मिसळे. प्लॅस्टिकच्या प्रसारानंतर न कुजणाऱ्या पदार्थांचे थर साचू लागले आणि भरणी करून विल्हेवाट लावण्याच्या जुन्या कल्पनेचा आधारच नाहीसा झाला. प्लॅस्टिकच्या पिशव्या व तत्सम वस्तूंवर महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये बंदी घातली.

केंद्रीय नियम : चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) घनकचरा व्यवस्थापन हा विषय बाराव्या अनुसूचीत समाविष्ट झाला. १९९४ मध्ये सुरत येथे उद्‌भवलेल्या प्लेगमुळे नागरी अस्वच्छतेचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तिचा अहवाल १९९९ मध्ये सादर झाला. त्याच्या आधारे, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली २००० मध्ये नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम जारी झाले. घरोघर जाऊन कचरा गोळा करणे, उघड्यावर टाकण्यास मनाई करणे, कुजणाऱ्या कचऱ्यावर प्रक्रिया करणे आणि क्षेपणभूमीवर केवळ प्रक्रियेस अयोग्य असा कचरा नेणे, ही त्यांतील मुख्य तत्त्वे होती. प्रक्रिया-केंद्रे उभारण्यास २००३ अखेरपर्यंत मुदत दिली होती. बहुतेक शहरांना ती पाळता आली नाही.

२०१६ च्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावरच वर्गीकरणाची जबाबदारी टाकली. कुजणारा, न कुजणारा व घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक ठरले. मोठ्या गृहसंस्था, उपाहारगृहे व बाजार यांनी शक्यतो आपल्या आवारातच ओल्या कचऱ्याची विल्हेवाट लावावी, अशी अपेक्षा व्यक्त झाली. कचरावेचकांना प्रथमच नियमांत स्थान मिळून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचा निर्देश देण्यात आला. १८८८ च्या अधिनियमात कुंडीपाशी संपणारी नागरिकाची जबाबदारी अशा रीतीने पुन्हा त्याच्या घरात आली.

उपविधी व दंड : महानगरपालिकेने २००६ मध्ये स्वच्छताविषयक उपविधी केले. रस्त्यावर कचरा टाकणे, थुंकणे, उघड्यावर मलमूत्रविसर्जन करणे इ. कृत्यांसाठी त्यांत जागेवरच वसूल करावयाचे दंड ठरविले होते, उदा., थुंकण्याबद्दल २०० रुपये. दंडवसुलीसाठी २००७ मध्ये स्वच्छतादूत (क्लीन-अप मार्शल) नेमण्यात आले. अरेरावी व गैरवसुलीच्या तक्रारींमुळे ही योजना वेळोवेळी बंद पडली व पुन्हा सुरू झाली. दंडामुळे रस्त्यावरील वर्तनास काही अंशी आळा बसतो. परंतु कुंडी जवळ नसल्यास, ती वेळेवर रिकामी होत नसल्यास किंवा वस्तीत शौचालये अपुरी असल्यास दंडाचा भार गरीब नागरिकावरच पडतो. याउलट, १९९७ मध्ये सुरू झालेल्या प्रगत परिसर व्यवस्थापन योजनेत रहिवाशांच्या गटांनी आपापल्या गल्लीत वर्गीकरण व खतनिर्मिती केली. जेथे रहिवासी, मुकादम व अधिकारी यांचा नित्य संबंध राहिला, तेथे तिला यश आले. तो तुटला तेथे ती कागदावर राहिली.

देवनारचा प्रश्न : जानेवारी २०१६ मध्ये देवनार येथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली व तिचा धूर शहरभर पसरला. कचऱ्याच्या विल्हेवाटीची पुरेशी सोय होईपर्यंत नव्या इमारतींना परवानगी देऊ नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. परिसरातील रहिवाशांना मात्र धूर व दुर्गंधी नवी नव्हती. ही क्षेपणभूमी ज्या एम-पूर्व विभागात मोडते, तो २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात सर्व विभागांच्या तळाशी होता.

सव्वाशे वर्षांपूर्वी शहराने आपली घाण हद्दीबाहेर नेली व कालांतराने शहरच तिच्यापर्यंत जाऊन पोहोचले. १८६५ पासूनच्या नियमांत कचरा हलविण्याचे शास्त्र उत्तरोत्तर प्रगत झाल्याचे दिसते. त्याचा भार मात्र प्रत्येक काळात सफाई कामगार, कचरावेचक व क्षेपणभूमीलगतचे रहिवासी यांवरच अधिक पडला. वर्गीकरणाच्या नियमाचे खरे महत्त्व यातच आहे. घरात वेगळा ठेवलेला ओला व सुका कचरा उचलणाऱ्याच्या हाताला कमी इजा करतो, वेचणाऱ्यास त्याचे अधिक मोल मिळते आणि देवनारसारख्या ठिकाणी जाणारा ढीग तेवढा लहान होतो.