दुसरा कान

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यातल्या एका हॉटेलात गौहर जान ध्वनिमुद्रणासाठी गायल्या, तेव्हा त्यांच्यासमोर मायक्रोफोन नव्हता, एक मोठा कर्णा होता. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली गरगर फिरणारं मेण. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हे सगळं सामान बोटीवर लादून घेऊन आला होता. गाणं तीनेक मिनिटांत आटपायचं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. ती प्रौढी नव्हती. मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं होतं, तिथे तबकड्या तयार होणार होत्या, आणि कुठल्या तबकडीवर कोण गातंय हे तिथल्या कारागिरांना कळायला दुसरा मार्ग नव्हता.

मिक्सिंग म्हणावं तर ते त्या काळी खोलीतच होई. गाणारीला कर्ण्याजवळ बसवायचं, मोठ्या आवाजाचं वाद्य मागे ढकलायचं, वरच्या स्वरावर गाणारीनं किंचित मागे रेलायचं. माणसं पुढेमागे सरकवली की समतोल साधला. तो साधला की नाही हे ऐकून बघण्याची सोय मात्र नव्हती. मेण वाजवून बघता येई, पण एकदा वाजवलं की ते खराब होई. म्हणजे ऐकलेलं मेण बाद आणि जपलेलं मेण न ऐकलेलं. तबकड्या तयार होऊन परत यायला काही महिने लागले. तोवर त्या गाण्याकडे ज्यांनी कान दिला, त्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता.

या हॅनोव्हरच्या कानांचा विचार मी बरेच दिवस करते आहे. आज घरच्या खोलीत गाणं मुद्रित करणारं कुणीही चार ओळखीच्यांना फाइल पाठवून विचारतं, ‘मिक्स कसा वाटतोय? आवाज दबतोय का? बेस जास्त झालाय का?’ अभिप्राय मागण्याची ही पद्धत नवी वाटते, पण तिच्यामागे जुनी गरज आहे. गाणाऱ्याला आपलं गाणं तोंडपाठ असतं, म्हणून ते त्याला नीट ऐकू येत नाही. शब्द वाद्यांखाली बुडाला तरी त्याच्या कानात तो भरलेलाच असतो. तिथे दुसरा कान लागतो. तो कान कुणाचा असावा, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या चित्रपटगीतांच्या काळात हे काम काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट करी. गायक, कोरस, पन्नासेक वादक एकाच वेळी वाजवत आणि तो तिथल्या तिथे सगळं जुळवत असे, कारण नंतर जुळवायला काही उरतच नसे. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये मिनू कात्रक, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत कौशिक बावा. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं येत, पण गाणं गुणगुणणाऱ्यांना ती क्वचितच ठाऊक असत. आपण ज्याला त्या काळच्या गाण्यांचा गोडवा म्हणतो, त्यातला बराचसा या माणसांच्या बोटांत होता.

अमेरिकेत डेट्रॉइटला बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये एक राहतं घर विकत घेतलं आणि मागच्या गॅरेजात स्टुडिओ थाटला. तीच मोटाउन कंपनी. गॉर्डी आधी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करून आलेला, त्यामुळे कारखान्यातली गुणवत्ता तपासणी त्यानं गाण्यांना लावली. दर शुक्रवारी सकाळी बैठक, तयार गाणी वाजवायची, मतदान घ्यायचं. गाणं मोटारीतल्या रेडिओसारख्या लहानशा स्पीकरवरही ऐकून बघत, कारण गिऱ्हाईक ते तिथेच ऐकणार होतं. गॉर्डीचा ठरलेला प्रश्न असे: खिशात शेवटचा डॉलर उरलाय आणि भूक लागलीये, तर ही तबकडी घ्याल की सँडविच? मला हा प्रश्न फार आवडतो. त्यात फ्रिक्वेन्सीचं नावही नाही. अर्थात हा कानही चुके. मार्विन गे यानं १९६७ मध्ये गायलेलं ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ त्या बैठकीत बाजूला पडलं. १९६८ च्या एका अल्बममध्ये ते भरतीसारखं घातलं गेलं, रेडिओवाल्यांनी तेच उचललं आणि मग स्वतंत्र तबकडी निघून सलग सात आठवडे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं.

दरम्यान ध्वनिफितीनं गाणं घरी आणलं होतं. लेस पॉल आणि मेरी फोर्ड या जोडप्यानं १९५१ मध्ये गाजलेलं ‘हाउ हाय द मून’ न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या घरी, एकावर एक थर चढवत मुद्रित केलं. नवा थर चढला की जुना त्यातच विरघळून जाई, बिनसलं तर पुन्हा पहिल्यापासून. पण खोलीत तिसरं माणूस लागत नव्हतं. मग १९७९ मध्ये टास्कमनं चार ट्रॅकची कॅसेटवर चालणारी पोर्टास्टुडिओ यंत्रं काढली आणि दुसरं माणूसही लागेनासं झालं. गवई, वादक, रेकॉर्डिस्ट, सगळं एकच. कानसुद्धा एकच.

याच यंत्राची एक हकिकत मला या सगळ्या इतिहासाच्या मध्यभागी दिसते. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, दोन साध्या शुअर मायक्रोफोनवर काही गाणी गायली. हेतू एवढाच की बँडला चाली कळाव्यात. चार ट्रॅकचं मिक्सिंग त्यानं एका इको यंत्रातून पॅनासोनिकच्या जुन्या कॅसेट प्लेअरवर उतरवलं. ती कॅसेट त्यानं हातानं लिहिलेल्या टिपणांसह आपला व्यवस्थापक जॉन लँडाऊ याच्याकडे दिली आणि पुढे कित्येक दिवस ती डबीशिवाय खिशात घालून हिंडला. वसंतात न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टुडिओत बँडसोबत तीच गाणी रीतसर वाजवली गेली. सूर स्वच्छ, ढोल खणखणीत, आणि तरी काहीतरी गेलेलं. गंमत अशी की त्याच कॅसेटवरचं ‘बॉर्न इन द यूएसए’ बँडच्या हाती पडल्यावर उजळलं. बाकीची बरीचशी विझली. म्हणजे घरचं ते खरं आणि स्टुडिओतलं ते खोटं असा सोपा हिशेब इथेही लागत नाही. प्रत्येक गाणं वेगळं ऐकावं लागलं. शेवटी त्याच्या माणसांनी जो अभिप्राय दिला तो अवघड होता: याला हात लावू नका, कॅसेटच छापा.

छापणं सोपं नव्हतं. मास्टरिंग याचा त्या काळचा अर्थ तबकडीत चर कोरण्यासाठी गाणं तयार करणं. बेस जास्त झाला तर चर रुंद होऊन सुई उडते, आवाज फार बारीक ठेवला तर तबकडीची खरखर वर येते. खिशातली कॅसेट या हिशेबात बसेना. एकामागून एक ठिकाणी प्रयत्न फसले, नुसती कॅसेटच विक्रीला काढावी इथवर विचार गेला, आणि अखेर अटलांटिक स्टुडिओच्या डेनिस किंगला ते जमलं. सप्टेंबर १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ बाहेर पडला. बँडसोबतची ती मुद्रणं २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. शेजारी शेजारी ठेवून ऐकावीत.

आपल्याकडे कोडंबाक्कमला ए. आर. रहमान यांनी घराच्या आवारात स्टुडिओ उभा केला, १९९२ च्या ‘रोजा’ची गाणी तिथली. पण घरी काम करणाऱ्या या माणसानं दुसरा कान सोडला नाही. एच. श्रीधर हे ध्वनी अभियंते २००८ मध्ये जाईपर्यंत रहमान यांच्यासोबत राहिले.

आता अभिप्रायांचं. चार जणांना विचारलं की चार तोंडं चार दिशांना जातात, याचं एक कारण बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडून ठेवलं आहे. आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खर्ज आणि टिपेचे सूर कमी ऐकू येतात, मधले तेवढे टिकतात. शेजारी झोपलेत म्हणून रात्री हळू आवाजात मिक्स करणाऱ्याला खर्ज कमी वाटतो, तो वाढवतो. सकाळी मोठ्या आवाजात लावलं की भिंती घुमतात. शिवाय तेच गाणं नुसतं थोडं मोठं वाजवलं तरी जास्त चांगलं वाटतं. या एका भ्रमापायी सीडीच्या काळात मास्टरिंगचं काम गाणी ठेचून सपाट करण्यावर आलं होतं. म्हणून कुणी मत दिलं की मी आधी विचारते: कशावर ऐकलंत, किती वाजता ऐकलंत, किती मोठ्यानं?

हे मी विचारू लागले ते मावशीच्या ओव्यांमुळे. गेल्या वर्षी तिला आमच्या घरी गायला बसवलं, खिडक्यांना रजया बांधल्या, पंखा बंद केला. आवाज आला तो कोरडा, जवळचा, दोन ओळींमध्ये श्वास ऐकू येणारा. खाली फक्त तानपुरा आणि थोडी गिटार. मिक्सिंग दूरच्या शहरातल्या एका अभियंत्याकडे सोपवलं. त्याला मराठी येत नव्हती. मला ते बरंच वाटलं, कारण जो शब्दांत अडकत नाही तो आवाज ऐकतो. आणि त्यानं तो ऐकला. तानपुरा मावशीच्या मागे नेमका कुठे बसावा हे मला आठ दिवस सापडलं नव्हतं, त्याला तासाभरात सापडलं.

पण ‘चांदणं’ हा शब्द बोथट झाला होता. ‘जातं’ही. मराठीत च आणि ज दोन दोन आहेत. ‘चंद्र’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘चांदणं’ म्हणताना दातांमागे, आणि त्या दुसऱ्या उच्चारात ‘त्स’सारखा बारीक फुत्कार असतो. लिपीत हा फरक दिसत नाही, आपण तो आईच्या दुधासोबत शिकतो. अभियंत्याकडे डी-एसर नावाचं साधन असतं, गाण्यातला ‘स’-‘श’चा टोचरा फुत्कार दाबणारं, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्‌झच्या टापूत काम करणारं. त्याच्या कानाला मावशीचा ‘च’ हा मायक्रोफोनचा दोष वाटला आणि त्यानं तो सभ्यपणे पुसला. ओवीत जातं होतं, चूल होती, चांदणं होतं, आणि तिन्ही शब्द शेजारच्या गावचे झाले होते. मराठी मित्रांपैकी कुणालाच हे खटकलं नाही. त्यांच्या कानांनी ते शब्द आपणहून दुरुस्त करून घेतले होते. ‘छान झालंय, आवाज जरा वाढव,’ एवढंच ते म्हणाले.

मी त्या अभियंत्याला फोन केला. त्यानं वाद घातला नाही. ‘मला फरक ऐकवा,’ म्हणाला. मग मी मावशीलाच फोनवर घेतलं आणि तिनं त्या परक्या माणसाला ‘चंद्र, चांदणं, जीव, जातं’ असं सावकाश दहादा म्हणून दाखवलं, लहान मुलाला शिकवावं तसं. त्यानंही म्हणून बघितलं. तिसऱ्या खेपेला त्याचं ‘चांदणं’ जमलं, तेव्हा मावशी हसली. पुढच्या मिक्ससोबत त्याची चिठ्ठी आली, मिनिट आणि सेकंदांची यादी. सतरा जागी त्यानं डी-एसर हातानं उठवला होता. अठराव्या जागेपुढे प्रश्नचिन्ह होतं: इथला च कुठला?