शेंगदाणा आत, बटाटा बाहेर



मागच्या आठवड्यात नातीनं मला पेचात पकडलं. दाण्याची आमटी उकळत होती. ती म्हणाली, "आज्जी, बटाटा जमिनीखाली येतो म्हणून चालत नाही, मग शेंगा काय झाडाला लोंबतात?" 'चालतं म्हणून चालतं' हे उत्तर मी माझ्या मुलांना दिलं होतं. ते आता खपेना.

गंमत म्हणजे हे दोघेही पाहुणे दक्षिण अमेरिकेचे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ओल्या आल्याचं नाव येतं, पण बटाटा नि शेंगदाणा त्या काळी इथं कुणी पाहिलेलाच नव्हता. मग आपल्या वाडवडिलांनी एकाला आत घेतलं आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते नाव बघून नव्हे, लक्षण बघून.

कबनुरात आता मागांचा खडखडाट जास्त नि शेती कमी, तरी ओळखीच्या रानातून मी भुईमुगाचा एक वेल उपटून आणला आणि नातीपुढं ठेवला. पिवळं फूल येतं ते जमिनीवर. फळ धरलं की आऱ्या सुटतात, मातीत शिरतात आणि टोकाला शेंग भरते. मूळ वेगळंच राहतं. शेंग म्हणजे फळ, दाणा म्हणजे बी, एका दाण्याचं एक रोप. बटाट्याचं तसं नाही. डोळा असलेला कुठलाही तुकडा पेरा, उगवतो. म्हणून तो अनंतकाय.

हाच शेंगदाणा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ब्राझीलहून पश्चिम आफ्रिकेत उतरला. तिथं जमिनीखाली शेंग धरणारं बांबारा नावाचं कडधान्य आधीपासून होतं, त्यामुळं बायकांना हा नवखा वाटलाच नसणार. माली, सेनेगलकडं त्याचं दाट कालवण करतात, नाव माफे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांना साबणासाठी तेल हवं होतं. सेनेगलची रानंच्या रानं शेंगांनी भरली, आणि खायचा तांदूळ मात्र इंडोचायनाहून यायला लागला. रानात नगदी पीक नि ताटात बाहेरचा भात! आपल्याकडच्या ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

माफेत मांस किंवा मासे, कांदा, बऱ्याचदा रताळं असतं. ते सगळं वगळून मी करून पाहिलं. दाणे मंद आचेवर भाजले, साल काढली आणि तेल सुटेपर्यंत वाटले. हिंगाची फोडणी, टोमॅटो, लाल तिखट, रताळ्याच्या जागी लाल भोपळा. वाटण घातल्यावर सारखं ढवळा, बूड लगेच धरतं. वर तेलाचा तवंग आला की उतरवायचं. सूर्यास्ताआधी गरम भाताबरोबर वाढलं.

आमच्या ह्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आमटीत आज आमसूल विसरलीस काय?"

नातीनं मात्र ताट पुसून खाल्लं. हात धुताना म्हणाली, "आज्जी, आलं चालत नाही, मग सुंठ कशी चालते?"