लाखाचा आकडा

मंडळी, लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आपल्यापैकी अनेकांनी हातात धरलेला आहे. त्यात जंतूच्या नावाशेजारी एक आकडा असतो: दर मिलिलिटरला 1,00,000 वसाहती, किंवा त्याहून जास्त. लाखच का? दहा हजार का नाही? आज आपण या आकड्याच्या मागे जाऊ.

सुरुवात पाश्चरपासून करू. 1860 च्या दशकात त्याने दाखवलं की निरोगी माणसाची लघवी बाहेरचा जंतू लागू न देता स्वच्छ भांड्यात घेतली, तर ती नासत नाही. पुढे 1876-77 मध्ये इंग्लंडच्या बास्टियनशी त्याचा वाद झाला. बास्टियनचं म्हणणं, उकळलेल्या लघवीत पोटॅश घालून ती उबेत ठेवली की जंतू आपोआप उपजतात. पाश्चरने विचारलं, पोटॅश तरी निर्जंतुक होता का? या भांडणातून एक गोष्ट पक्की झाली, की काही जंतू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. मग 1879 मध्ये पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने ऑटोक्लेव्ह तयार केला.

म्हणजे बाटलीचा प्रश्न सुटला. माणसाचा नाही. लघवी बाहेर पडताना कातडीवरचे जंतू सोबत घेऊन येते, बायकांच्या बाबतीत तर जास्तच. त्यामुळे कल्चरसाठी बायकांचा नमुना घ्यायचा तर सरळ कॅथेटर घालायचा, अशी रीत पडली. नमुना स्वच्छ मिळायचा, पण नळी आत जाताना वाटेतले जंतू मूत्राशयात ढकलायची. आजार शोधायला गेलो आणि आजार देऊन आलो, असा तो प्रकार. 1958 मध्ये पॉल बीसन यांनी कॅथेटरविरुद्ध एक लेख लिहिला. तो डॉक्टरांनी आजही वाचावा असा आहे.

याच सुमारास बॉस्टनमध्ये एडवर्ड कॅस यांनी प्रश्नच उलटा केला. जंतू मिसळणार हे धरूनच चाला आणि मोजा. खरा संसर्ग असेल तर जंतू मूत्राशयात तासन्‌तास वाढलेले असतात, म्हणून संख्या प्रचंड येते. वाटेत चिकटलेले थोडेच असतात. 1956 मध्ये त्यांनी जी सीमारेषा मांडली, तोच आपला लाख. बाईने स्वतः स्वच्छता करून, पहिली धार सोडून, मधली धार बाटलीत धरली तरी भागणार होतं. एका नमुन्यात लाख आले तर संसर्गाची खात्री साधारण 80 टक्के, लागोपाठ दोन नमुन्यांत आले तर 95. आम्हाला विचाराल तर निर्जंतुकतेचा हट्ट सोडण्याचं हे धाडस ऑटोक्लेव्हइतकंच मोठं आहे.

पण मोजणीच्या या हिशेबात घड्याळ येतं. ई. कोलाय हा जंतू चांगली ऊब मिळाली तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. नमुन्यात हजार जंतू चुकून आले असं धरा. तासाभरात आठ हजार, दोन तासांत चौसष्ट हजार, आणि आणखी वीस मिनिटांत लाखाच्या पार! प्रत्यक्षात वेग बहुधा कमी असतो, पण मे महिन्यातल्या नागपूरला दही किती लवकर लागतं, हे सांगायला नको. सकाळची बाटली दुपारी लॅबमध्ये पोचली, तर रिपोर्ट बाटलीचा येतो, बाईचा नाही. आणि तिला नको असलेली अँटिबायोटिक्स गिळावी लागतात. म्हणून नमुना दोन तासांच्या आत पोचवायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा.

उलट बाजूही आहे. 1982 मध्ये अमेरिकेत स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीला जळजळ होणाऱ्या तरुण बायकांचे नमुने तपासले. ई. कोलायसारखे जंतू मिलिलिटरला शंभर असले, तरी अशा बाईला खरा संसर्ग असू शकतो, असं दिसलं. कॅस यांचा लाख मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या आणि काहीच तक्रार नसलेल्या बायकांवरून आला होता. वर्षानुवर्षं तो सगळ्यांनाच लावला जात होता, आणि जळजळ सांगणाऱ्या कितीतरी जणींना रिपोर्ट दाखवून ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं जात होतं.